दुसरा कॅमेरा

गुरुवारी संध्याकाळी सुचित्रा तळेकरने लॅपटॉपचा कॅमेरा उघडला तेव्हा पडद्यावर तिचा चेहरा आला आणि त्यावर कोड नव्हतं. आधी तिला ते कळलंच नाही. समोरची बाई जरा परकी आहे एवढंच नजरेला खटकलं. लोकांच्या घरी गेल्यावर कपाटाच्या आरशात आपण अवचित दिसतो तेव्हा खटकतं तसं. मग लक्षात आलं. ओठांच्या कोपऱ्यांपासून हनुवटीवर उतरलेला पांढरा भाग, डाव्या डोळ्याभोवतीचं कडं, केसांच्या कडेने कपाळावर गेलेली पट्टी, हे सगळं एकसारख्या गव्हाळ रंगाखाली गेलं होतं. तिने खोलीतला दिवा बंद केला, परत लावला. चेहरा तसाच. तिने हात उचलून गालाशी नेला, तर बोटांच्या पेरांवरचे डाग जिथल्या तिथे होते. पांढरी बोटं आणि त्यांच्या शेजारी बिनडागाचा गाल, जणू हात एका बाईचा आणि तोंड दुसरीचं. मान पूर्ण एका अंगाला वळवली की क्षणभर गालावरचा रंग थरथरायचा आणि खालचं पांढरं झळकून जायचं. मान सरळ केली की पुन्हा सारवल्यासारखं सगळं गुळगुळीत. तिने हे चार-पाच वेळा केलं. मग लॅपटॉप मिटला, उठून खिडकी लावली. खाली कुठल्यातरी डंकावर मिरच्या कुटत होते आणि त्याचा ठसका चौदाव्या मजल्यापर्यंत येत होता. या इमारतीच्या जागी चाळ होती तेव्हा तो दारातून यायचा, आता लिफ्टने आल्यासारखा जरा उशिराने येतो.

हे कशाने झालं असेल त्याचा अंदाज तिला पाच मिनिटांत आला. ती फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम बघायची. जुनी खरेदीखतं, मृत्युपत्रं, शपथपत्रं स्कॅन करायची, पानं जुळवायची, त्यांच्या एकसंध फाइली करायच्या. आठवड्यातले दोन दिवस घरून काम असे. त्या दिवशी दुपारी ऑफिसचं नेहमीचं सॉफ्टवेअर अडून बसलं, म्हणून तिने इंटरनेटवरून पानं जोडणारं दुसरं एक फुकटचं उतरवून घेतलं. ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य आहे’, ‘पुढे’. कुठल्यातरी चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली होती आणि ती काढायची राहिली. पानं जुळली, काम झालं. त्याच्याबरोबर खालच्या कोपऱ्यात एक गुलाबी फुलाचं चिन्ह येऊन बसलं, तेही तिने पाहिलं होतं. पाहिलं आणि असेल काहीतरी म्हणून सोडून दिलं. दिवसभर दुसऱ्यांच्या अटी आणि शर्ती अक्षर न अक्षर तपासणारी बाई स्वतःच्या वेळेला न वाचता मान्य म्हणते, याचं तिला हसू आलं नाही, नवलही वाटलं नाही. आयुष्यात बऱ्याच गोष्टींना ती अशीच हो म्हणाली होती. नाही म्हणायला आधी थांबावं लागतं, वाचावं लागतं, आणि समोरचा माणूस तोवर वाट बघत उभा असतो.

कॅमेरा तिने उघडला होता तो रविवारसाठी. रविवारी अकरा वाजता तिच्या भाचीचं, आकांक्षाचं, लग्नाचं बोलणं होतं. मुलगा हैदराबादला, त्याचे आईवडील कुडाळला आणि आकांक्षाचा बाप निलेश बोटीवर, आफ्रिकेच्या कुठल्यातरी किनाऱ्याजवळ. एवढ्या चारी दिशांच्या माणसांना एकत्र बसवायचं तर पडद्याशिवाय मार्ग नव्हता. सुचित्राची धाकटी बहीण प्रिती वडाळ्याला राहायची. तिच्या घरी रंगाचं काम चाललं होतं, सामान पलंगावर रचलेलं. तेव्हा आकांक्षानेच ठरवून टाकलं की मावशीच्या घरी बसायचं, मावशीच्या लॅपटॉपवर. प्रितीने ते ऐकून घेतलं आणि एकच विचारलं होतं, “तुझ्याकडे नेट बरं चालतं ना गो?” या प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न होता आणि तो दोघींनाही ऐकू आला होता. पण दोघी नेटविषयीच बोलत राहिल्या.

पहिला डाग आला तेव्हा सुचित्रा अठरा वर्षांची होती. ओठाच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा. आई म्हणाली, चुना लागला असेल. आई, शेवंती तळेकर, पान खायची. घरात चुन्याची डबी असायचीच. ओल्या पदराने तिने तो दोनदा पुसला, मग तिसऱ्यांदा जरा जोरात, आणि मग पुसायची थांबली. ते थांबणं सुचित्राला अजून आठवतं. आईचा हात हवेत राहिला होता आणि तिची नजर डागावरून उठून सरळ धाकटीकडे गेली होती. प्रिती तेव्हा सोळाची होती आणि खाटेवर बसून नखं रंगवत होती. पुढे परळच्या हॉस्पिटलात खेपा झाल्या. औषध लावून ठरावीक वेळ उन्हात बसायचं असे. चाळीच्या गच्चीवर पापड-सांडग्यांच्या शेजारी ती बसायची, दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. गच्चीवर कपडे वाळत घालायला येणाऱ्या बायका तिला विचारायच्या, काय गो, वाळत पडलंस काय? त्यात वाईट काही नव्हतं, थट्टाच होती. डाग लाल व्हायचे, सोलायचे, कधी कडेने मोहरीएवढा रंग परत यायचा आणि आई देवाला साखर ठेवायची. नंतर तो रंगही जायचा. दोन वर्षांनी डॉक्टर म्हणाले, याने त्रास काही नाही, अंगाला धोका नाही, दुसऱ्याला होत नाही. डॉक्टर चांगले होते. पण त्रास कशाकशाला म्हणतात याची त्यांची यादी वेगळी होती.

आणि मग नव्याण्णव सालचा एक रविवार. प्रितीला बघायला येणार होते. सकाळी आई म्हणाली, “सुचे, आत्येकडे जाऊन ये. बरी नाय म्हणे ती.” राधाबाई आत्या कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागे एका खोलीत राहायची आणि ती ठणठणीत होती. सुचित्रा गेली. आत्याने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, काहीच विचारलं नाही. मेथीची जुडी पुढ्यात टाकली. खिडकीतून समोर धान्याची पोती उतरताना दिसत. एक माणूस हातातली सळई पोत्यात खुपसून चिमूटभर दाणे बाहेर काढून तळहातावर बघायचा, मग पोतं पुढे जायचं. दुपारभर सुचित्रा ते बघत होती. चार वाजता आत्या म्हणाली, “आता झालं असेल. जा.” एवढंच. घरी आली तर बश्या धुवून पालथ्या घातलेल्या होत्या आणि प्रितीच्या केसांत गजरा होता. जमलं होतं. सगळे आनंदात होते, सुचित्रालाही आनंदच झाला. आपल्याला वाईट वाटलं होतं की नाही हे तिने पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं, पण आठवायची ती मेथी आणि ती सळई. साखरपुड्याला तिने चेहऱ्यावर कसलीशी जाड पेस्ट लावली होती. लग्नात मंडपात घाम इतका होता की पेस्ट राहिली नाही, पण तोवर अक्षता पडल्या होत्या.

शुक्रवारी रात्री जेवणाच्या आधी प्रितीचा व्हिडिओ कॉल आला, रविवारचं सगळं नीट चालतंय का ते बघायला. सुचित्राने लॅपटॉपवरच घेतला. त्या गुलाबी फुलाचं काय करायचं ते तिने अजून ठरवलं नव्हतं; ठरवलं नव्हतं म्हणण्यापेक्षा, दिवसभरात तीन वेळा कॅमेरा उघडून तो चेहरा बघितला होता आणि बंद केला होता. ओढ वगैरे नव्हती. कुणाचं तरी पत्र चुकून आपल्याकडे यावं आणि ते आपण फोडून वाचावं, तसं काहीतरी.

पडद्यावर प्रिती आली. तिच्यामागे अर्ध्या रंगवलेल्या भिंती. ती काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच थांबली आणि पडद्याच्या अगदी जवळ आली, एवढी की तिचे फक्त डोळे आणि कुंकू दिसत राहिलं.

“सुचे,” ती म्हणाली. “गेले?”

“काय गेले?”

“डाग गो. तुझे डाग. कधी? कुठलं औषध घेतलंस? मला सांगितलं पण नाहीस!” आणि प्रितीला एकदम रडू आलं. पन्नाशीला टेकलेली बाई, हातात रंगाचे डाग, नाक पुसत रडत होती. “आईने बघायला हवं होतं गो,” ती म्हणाली.

सुचित्रा बघत राहिली. बहिणीचं हे रडणं खरं होतं याविषयी तिला शंका नव्हती. तिला फक्त एवढंच जाणवलं की इतकी वर्षं प्रिती हे पोटात ठेवून होती आणि ते ओझं आपल्या चेहऱ्याचं होतं. आपण ते उचलायला कधी सांगितलं नव्हतं.

“काही गेलेले नाहीत,” ती म्हणाली. “चुकून एक सॉफ्टवेअर आलंय. ते पुसतं.” आणि तिने हात वर करून बोटं दाखवली.

प्रिती रडायची थांबली. पदराने तोंड पुसलं. मग हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखं म्हणाली, “मग राहू दे ना ते. रविवारपर्यंत.”

“प्रिते.”

“मी काय बोलतेय कळतंय मला. पण दोन तासांचा प्रश्न आहे. एकदा होकार आला की मग काय, सगळ्यांना सगळं कळतंच. तुला आत बसायला सांगत नाहीये मी. उलट समोर बस, मधोमध बस. कोण नको म्हणतंय?”

“बघते,” सुचित्रा म्हणाली. हाही एक होच होता, हे तिला माहीत होतं.

त्या रात्री तिला झोप चांगली लागली. शनिवारी सकाळी चहा घेता घेता, विशेष काही न ठरवता, तिने लॅपटॉप उघडला आणि ते गुलाबी फूल काढून टाकायला घेतलं. आपण हे का करतोय असं तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित केलं नसतं. यादीत त्याचं नाव सापडलं, काढून टाका म्हणून सांगितलं, ‘तुमची खात्री आहे का’ असं त्याने विचारलं, मग ‘आम्हाला सोडून का जाताय’ असं विचारलं आणि कारणांची यादी दिली. तिने शेवटचं ‘इतर’ निवडलं. फूल गेलं. कॅमेरा उघडला तर पडदा काळा. मधोमध एक राखाडी, तिरपी रेघ मारलेला कॅमेरा आणि खाली वाक्य: कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी वापरात आहे. तिने मशीन बंद करून चालू केलं. परवानग्या तपासल्या, सगळ्या होत्या. पुन्हा तेच वाक्य. आता तिला जरा अस्वस्थ वाटलं. पडद्याच्या वरच्या कडेला त्या टिचभर भिंगाशेजारी हिरवा ठिपका मात्र जळत होता. म्हणजे बघत होतं कुणीतरी. फक्त तिला दाखवत नव्हतं. ती खुर्ची सरकवून बाजूला झाली, भिंतीला टेकून उभी राहिली. चौदाव्या मजल्यावर, स्वतःच्या घरात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ती पुन्हा कुणाच्या तरी नजरेच्या टप्प्यातून बाजूला उभी होती. तिथून तिने हात लांब करून भिंगावर टिकलीच्या पाकिटातली एक टिकली चिकटवली आणि ऑफिसच्या स्वप्नीलला फोन लावला.

स्वप्नील ऑफिसची कॉम्प्युटरं बघायचा. चिंचपोकळीला राहायचा, तिशीतला, दोन मुलांचा बाप. सुट्टीच्या दिवशी फोन केला म्हणून तिने आधी माफी मागितली.

“काय ताई, सॉरी काय त्यात. बोला ना. हां... हां... काय डाऊनलोड केलं? अरे देवा. ताई, तुम्ही पण? मी सगळ्यांना बोंबलून सांगतो, फुकटचं घेऊ नका, आणि तुम्हीच! थांबा, मी आत येतो. स्क्रीनवर नंबर दिसेल तो सांगा मला.”

तिने नंबर सांगितला, आणि पडद्यावरचा बाण आपला आपण चालू लागला. ती खुर्चीत मागे टेकून बघत होती. बाण यंत्राच्या पोटात शिरला, एकामागून एक खिडक्या उघडल्या, लांबलचक याद्या खाली-वर झाल्या.

“हे बघा, सापडला. तुमच्याकडे दोन कॅमेरे आहेत.”

“एकच आहे.”

“खरा एकच ओ. दुसरा त्याने बसवलाय. म्हणजे हे सॉफ्टवेअर काय करतं, आपल्या कॅमेऱ्याच्या पुढे स्वतः जाऊन बसतं. खऱ्याचं चित्र आधी ते घेणार, त्याला मेकअप-बिकअप करणार, आणि मग पुढे तुम्हाला देणार. तुम्ही वरवरचं काढलं, पण हा दुसरा मागे राहिला. तो खऱ्याला सोडत नाहीये. कळलं?”

“कळलं,” सुचित्रा म्हणाली.

“आधी चालू असलेलं बंद करतो... हां, मेलं. आता हा दुसरा कॅमेरा उडवतो. मग खऱ्याला पण काढून परत लावायला लागेल, घाबरू नका. पाच मिनिटं. आणि ताई, पासवर्ड सगळे बदला आज. ही असली सॉफ्टवेअर्स काय काय घेऊन जातात, सांगता येत नाही.”

“काय घेऊन जातात?”

“काय पण. फोटो, फाइली, तुमचा चेहरा पण. कुठे कुठे ठेवतात, कोणाला ठाऊक.”

मशीन बंद होऊन पुन्हा चालू होत होतं तोवर ती त्याचाच विचार करत होती. म्हणजे कुठेतरी, कुठल्या देशात कोण जाणे, तिचा तो गव्हाळ चेहरा जपून ठेवलेला असेल. त्या बाईचं काय झालं असतं याची कल्पना ती करू लागली, पण ती पुढे जाईना. त्या बाईचं नव्याण्णव सालीच लग्न झालं असतं, आधी तिचं आणि मग प्रितीचं. ती कुठेतरी डोंबिवली-बदलापूरला राहायला गेली असती. तिला दोन मुलं, गुडघेदुखी. आणि ती कुणालाच नीट ओळखत नसती. कोण माणूस कसा आहे हे त्याची नजर पहिल्यांदा चेहऱ्यावर कुठे टेकते त्यावरून कळतं, हे तिला कधी शिकावं लागलं नसतं. सुचित्राला तिचा हेवा वाटायला हवा होता. थोडा वाटलाही. पण आरशातल्या माणसाचा वाटावा तसा, पाठ फिरवली की संपणारा.

“ताई, कॅमेरा उघडा आता.”

उघडला, तरी पडदा काळाच. “काळाच आहे,” ती म्हणाली.

“काळा? असं कसं? इकडे तर चालू दाखवतोय.” स्वप्नील गोंधळला. बाण इकडे तिकडे भिरभिरला. मग सुचित्राला आठवलं, तिने नखाने टिकली काढली, आणि ती स्वतः समोर आली.

“आलं, आलं बघा!” स्वप्नील फोनवर म्हणाला. त्यालाही दिसत होतं. “तुम्ही दिसताय ताई. एकदम क्लियर.” आणि तो फोन ठेवून गेला, त्याच्या पोरांना घेऊन कुठे जायचं होतं म्हणाला.

तिने कॅमेरा लगेच बंद केला नाही. आरशात ती रोज पाहायचीच, पण आरशात माणूस कुंकू बघतो, भांग बघतो, दातात काही अडकलंय का ते बघतो. इतक्या वेळ, इतक्या सावकाश तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ओठाजवळचा डाग आणि हनुवटीवरचा डाग कधीतरी मिळून एक झाले होते, तिच्या नकळत. डोळ्याभोवतीचं कडं एका बाजूने फुटलं होतं आणि तिथे चार-पाच काळसर ठिपके परत आले होते, न मागता, औषध सोडून तीसेक वर्षं झाल्यावर. हे सगळं आपल्यापाशी राहून, आपल्याला न विचारता, आपलं आपण चाललं होतं. मिशीगत बारीक लव आली होती. मानेला सुरकुत्या. ती बाई सुंदर नव्हती, कुरूपही नव्हती. ती ओळखीची होती. तिने लॅपटॉप मिटला आणि रविवारसाठी रवा आणायला खाली गेली.

रविवारी साडेनऊला प्रिती आणि आकांक्षा आल्या. आकांक्षा आत साडी नेसायला गेली आणि प्रितीने आल्या आल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. “चालू कर, बघूया.” सुचित्राने चालू केला. प्रितीने पडद्यात बघितलं, मग सुचित्राच्या तोंडाकडे, मग परत पडद्यात.

“काढलंस.”

“हो.”

“मी बोलले होते ना तुला.” प्रितीचा आवाज खाली होता, आत पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून, त्यामुळे तो जास्तच धारदार झाला होता. “दोन तास. तुझ्याकडे दोन तास मागितले मी. माझ्या पोरीसाठी. तुला काय वाटतं, मला लाज वाटते तुझी? नाही वाटत. पण लोक काय बघतात ते मला माहीत आहे. ते तुला नाही बघणार, ते आकांक्षाच्या होणाऱ्या पोरांना बघणार तुझ्या तोंडावर.”

“मग मी आत बसते,” सुचित्रा म्हणाली. टोमणा म्हणून नव्हे. तिला खरंच तेच सोपं वाटलं. “आईने पाठवलं होतं तशी. या वेळेला कॉटन ग्रीन नको, स्वयंपाकघर पुरे.”

प्रिती खुर्चीत बसली. काही वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली.

“आईने नाही पाठवलं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“आई म्हणत होती, राहू दे, तिच्या हातून पोहे पाठवू. मी बोलले. मी आदल्या रात्री आईला सांगितलं, ती घरात असेल तर मी बाहेर येणार नाही. आई माझ्यावर ओरडली. मग सकाळी गप्प तुला जा म्हणाली.” आणि मग जरा थांबून, “एकवीस वर्षांची होते गो मी.”

बाहेर लिफ्टचा दरवाजा वाजला, कुणीतरी शेजारच्या घरात गेलं. सुचित्राला वाटलं आता आपल्या आत काहीतरी होईल. ती वाट बघत राहिली. सव्वीस वर्षं ती आईवर रागावली नव्हती, आधी आई म्हणून आणि नंतर मेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणून. आणि आता तो न केलेला राग दुसऱ्या पत्त्यावर पाठवायला हवा होता. पण तो इतकी वर्षं पडून काही उरला होता की नाही कोण जाणे. तिला आई दिसली, पदर हातात धरून थांबलेली, आणि पहिल्यांदाच ती नजर वेगळी वाटली. ती धाकटीला वाचवायला गेलेली नजर नसेलही. ती नुसती घाबरलेली असेल, दोघींसाठी.

“बरं,” ती म्हणाली.

“बरं काय? बोल ना काहीतरी. शिव्या दे.”

“शिरा खाली लागेल,” सुचित्रा म्हणाली आणि आत गेली. कढईत उलथनं तिने दोनदा तळापर्यंत फिरवलं. गॅस तिने बारीक केला.

आत आकांक्षा दारापाशी उभी होती, निऱ्या हातात धरून. तिने किती ऐकलं होतं ते तिच्या तोंडावर होतं. ती परळला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. लोकांची आखडलेली हाडं-सांधे हलवायची सवय असल्यासारखी ती सरळ बोलायची. “मावशी, अभयला माहीत आहे,” ती म्हणाली. “मी तुझा फोटो पाठवलाय त्याला दिवाळीचा. आईला सांगितलं नाही, ती टेन्शन घेते.”

“आणि तो काय म्हणाला?”

“म्हणाला, मावशी तुझ्यासारखी हसते.” मग तिने निऱ्या खोचल्या. “त्याच्या आईला माहीत नाही पण. ते आज कळेल. तू मध्ये बसायचं. नाहीतर मी पण नाही बसणार.”

हे असंच वाक्य या घराण्यात एकदा उच्चारलं गेलं होतं, उलट्या बाजूने. स्वयंपाकघराच्या पलीकडे प्रितीने ते ऐकलं असणार, कारण खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. सुचित्रा बाहेर आली तेव्हा लॅपटॉपसमोर तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि प्रिती उजवीकडच्या खुर्चीत बसून, कुणाकडेही न बघता, साडीचा काठ सारखा करत होती.

अकरा वाजता पडद्याचे तुकडे झाले. एकात निलेश, बोटीच्या कुठल्यातरी खोलीत, आवाज तुटत होता. एकात अभय, चष्मा लावलेला, घाम आलेला. एकात कुडाळचं माजघर. वडील मागे, आई पुढे. आणि एकात त्या तिघी. नमस्कार झाले. पाऊसपाणी, प्रवास, निलेशची बोट कुठे आहे, हे झालं. आकांक्षाचं शिक्षण, तिचा पगार, तिला स्वयंपाक येतो का, नाही येत, अभयला येतो, यावर सगळे हसले. सुचित्रा हे सगळं पडद्यातल्या त्या चौकोनात बघत होती जिथे ती स्वतः होती. मुलाच्या आईची नजर कुठे आहे ते पडद्यावर नक्की कळत नाही. सगळेच एकमेकांच्या जरा खाली बघत असतात. तरी तिला कळलं. ती नजर आली, थांबली, निघून गेली, परत आली.

“या बहीण काय तुमच्या?” मुलाच्या आईने प्रितीला विचारलं.

“मोठी,” प्रिती म्हणाली. “सुचित्रा. हे तिचंच घर.”

“हां.” त्या थोडं थांबल्या. मागून नवऱ्याने काहीतरी खुणावलं, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. “ह्या... विचारलेलं चालेल ना? कधीपासून आहे?”

“अठराव्या वर्षापासून,” सुचित्रा म्हणाली.

“आणि घरात आणखी कोणाक?”

अभयने “आई” म्हटलं. निलेशचा आवाज तुटला, तो काय म्हणाला कळलं नाही. प्रितीने तोंड उघडलं. नाही, नाही हो, कोणालाच नाही, असं ती म्हणणार होती, तिच्या गळ्याशी ते आलेलंही दिसत होतं. पण ती सुचित्राकडे वळली आणि थांबली.

“अजून नाही,” सुचित्रा म्हणाली. “पुढचं सांगता येत नाही. आईला नव्हतं, हिला नाही, आकांक्षाला नाही. मला झालं. त्याने दुखत नाही काही. उन्हात जरा जपावं लागतं.”

बोलून झाल्यावर तिला जाणवलं की आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी हे तिला सरळ तोंडावर विचारलं होतं. इतर सगळे बाजूच्याला विचारत आले. मुलाच्या आईने मान हलवली. मान कशी हलवली, मान्य म्हणून की नुसतं कळलं म्हणून, ते नेटच्या अडखळण्यात नीट दिसलं नाही. त्यांचं चित्र एक क्षण गोठलं, अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी, आणि पुन्हा चालू झालं तेव्हा त्या निलेशला विचारत होत्या की बोटीवर मासे ताजे मिळतात का.

कळवतो, असं म्हणून संपलं. शिरा तिघींनी खाल्ला. प्रिती जास्त बोलली नाही, जाताना दारात म्हणाली, “तू बोललीस ते बरं झालं,” आणि लिफ्टचं बटण दोनदा दाबलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. सुचित्रा ऑफिसला गेली, खरेदीखतं जुळवली. उत्तर काय येईल याचा विचार ती करत नव्हती. पण फोन वाजला की हात आधी तिकडे जायचा. नकार आला तर तो आपल्या चेहऱ्याच्या खात्यावर लागेल हे तिला माहीत होतं, आणि प्रिती तसं कधी म्हणणार नाही हेही. बुधवारी दुपारी ती ऑफिसच्या खाली चहा घ्यायला उतरली होती तेव्हा प्रितीचा फोन आला. आधी नुसताच श्वास ऐकू आला, जिना चढून आल्यासारखा.

“कुडाळहून फोन आला होता,” प्रिती म्हणाली. “पुढच्या महिन्यात येतायत म्हणतात मुंबईला. सगळ्यांना भेटायला.”

“सगळ्यांना?”

“तसंच म्हणाल्या. मग विचारतात, तुमच्या बहीण असतील ना त्या दिवशी?”

सुचित्राने चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. त्या बाईने हे कशासाठी विचारलं असेल? जवळून बघायला, की भेटायला? दोन्ही असू शकतं. बहुतेक दोन्हीच असेल.

“मग तू काय सांगितलंस?”

“मी म्हटलं, असतील काय, तिच्याच घरी यायचंय तुम्हाला. माझ्याकडे रंगाचा वास आहे अजून.”

“आणि मला विचारलंस?”

“नाही गो,” प्रिती म्हणाली. “आता विचारते. चालेल?”

रस्त्यावरून एक गाडी हॉर्न देत गेली. ती जाईपर्यंत सुचित्राने थांबून घेतलं.

“माणसं किती आहेत?” तिने विचारलं.